दानात मिळणारी खुर्ची घ्यावी का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

त्यांची मुलगी आठ वर्षांची, दुसरीत शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. आधार दिला तर बसते, चालता येत नाही, तिचं बोलणं घरच्यांना कळतं. शाळा अर्ध्या किलोमीटरवर. आई तिला रोज कडेवर नेते आणि आणते. मुलीचं वजन आता १९ किलो झालं आहे. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली, पण ती मोठ्या माणसाची निघाली. मुलगी तिच्यात एका बाजूला कलंडायची. आता ती खुर्ची गोठ्यात आहे आणि तिच्यावर पेंडीची पोती ठेवतात. यंदा तालुक्याच्या एका सेवाभावी मंडळाने नवी खुर्ची देऊ केली आहे. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होणार, फोटो निघणार. मुलीचे वडील साखर कारखान्यात नोकरीला आहेत. ते म्हणतात, ‘आपण भिकारी नाही. मागच्या वेळी पोरगी चार तास उन्हात बसली, पेपरात फोटो आला, पुन्हा ते नको.’ आजी म्हणतात, ‘एकदा खुर्चीत बसवली की ती कायमची बसली.’ आई लिहितात: ‘फुकट मिळतंय तर घ्यावं असं मला वाटतं. पण रोज वाद होतात. आणि खरं सांगू का, माझी कंबर आता साथ देत नाही. मुलीच्या नावाखाली मी माझीच सोय तर बघत नाही ना?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

आज तुमच्या मुलीचं एकमेव वाहन म्हणजे तुमची कंबर. ती दुखायला लागली, म्हणजे मुलीचं वाहन मोडायला आलंय. तुम्ही तापाने पडलात की तिची शाळा बुडत असणार. माहेरी जायचं म्हटलं की सामान कोणी घ्यायचं आणि लेकीला कोणी, हा पहिला प्रश्न पडत असणार. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण विशेष मुलांच्या शाळेत मी बावीस वर्षं काम केलंय, अशा घरांतून वावरलेय, त्यामुळे न लिहिताही कळतं. १९ किलो आज कसेबसे उचलता. आणखी काही वर्षांनी ती ३० किलोची होईल. भरलेलं गॅस सिलिंडर साधारण तेवढं भरतं, आणि ते कडेवर घेऊन कोणी अर्धा किलोमीटर चालत नाही. शिवाय तोवर ती वयात येत असेल. तिला उचलायला कोणा पुरुषमाणसाला हाक मारावी लागली, बाथरूमपर्यंत कोणीतरी उचलून न्यावं लागलं, तर तिला संकोच वाटेल. बोलून दाखवता आला नाही तरी वाटेल. तेव्हा तुमची सोय वेगळी आणि तिची वेगळी, हेच मुळात मला पटत नाही. ‘माझ्याच्याने आता उचलवत नाही’ असं घरात उघड म्हणा. आणि खुर्चीचं होईल तेव्हा होईल, कंबर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आता खुर्चीकडे येते. तुमच्या घरातला वाद ‘घ्यायची की नाही’ यावर चाललाय. तुम्ही म्हणता फुकट मिळतेय तर घेऊ, ते म्हणतात फुकटची नको. दोघांचीही नजर ‘फुकट’ या शब्दावर खिळलेली आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. ती खुर्ची किती इंची आहे? मंडळाच्या कोणी तुमच्या मुलीचं माप घेतलंय का? तुमच्या दोन पानी पत्रात मापाचा उल्लेख कुठेच नाही, आणि मला धास्ती वाटते ती याचीच. माप न घेता आलेली एक खुर्ची तुमच्या गोठ्यात आहेच.

शिबिरांतून सर्रास वाटली जाते ती घडीची खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची असते. तिची बैठक साधारण १८ इंच रुंद. आठ वर्षांच्या मुलीच्या बसायच्या भागाची रुंदी असते नऊ-दहा इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार इंच मोकळे. त्यात बैठक रेक्झिनची, झोळीसारखी मधे खोलगट. मूल त्यात घसरतं, कंबरेचं हाड तिरकं होतं, मांड्या आत वळतात, पाठ एका अंगाला झुकते आणि पाय खाली लोंबकळतात. रोज तासन्‌तास असं बसलं तर पाठीचा कणा वाकडा व्हायला हातभार लागतो, एकाच जागी भार येऊन कातडी सोलवटते, जेवताना ठसका लागतो. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूला झालेली मूळ इजा वाढत नाही, पण मूल वाढतं तसे स्नायू आखडत जातात आणि हाडं ओढली जातात. न चालणाऱ्या मुलांमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू जागचा निसटण्याचा धोका बराच असतो. म्हणून अशा मुलांच्या खुब्यांचा एक्स-रे ठरावीक काळाने काढायला सांगतात. तुमच्या मुलीचा शेवटचा कधी काढला होता? आठवत नसेल तर खुर्चीच्या आधी तो काढून घ्या, कारण कसं बसवायचं हे त्यावरही ठरतं.

तुमची मुलगी कलंडायची, त्यात तिचा दोष नव्हता. तिला खुर्ची ‘मानवत नाही’ असंही नव्हतं. आठ नंबरची चप्पल दुसरीतल्या मुलीच्या पायात घातली तर ती पडणारच.

आमच्या शाळेत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याही वाट्याला अशीच मोठी खुर्ची आली होती. वर्गात तो दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून बसायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात ओळीने दोन वर्षं मीच लिहिलं होतं, ‘हाताने कृती करत नाही.’ नंतर आमच्याकडे एक व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आल्या. त्यांनी त्या झोळीवर एक प्लायवूडची फळी टाकली, वर घट्ट फोम घातला, दोन्ही कुशींना फोमचे छोटे लोड लावले, पायांखाली लाकडी ठोकळा ठेवला आणि कंबरेला पट्टा बांधला. अर्धा-पाऊण तास गेला असेल. पट्टा बांधून झाल्यावर तो थोडा वेळ तसाच दांडे धरून बसला. मग त्याने डावा हात सोडला. पडत नाही हे बघितलं. मग उजवा सोडला. समोरच्या टेबलावर खडूचा डबा होता, तो त्याने ओढला आणि सगळे खडू जमिनीवर सांडले. कोणी त्याला रागावलं नाही. दोन वर्षं त्या मुलाचे हात स्वतःला पडण्यापासून वाचवण्यात गुंतलेले होते, आणि मी मात्र शेरा लिहीत राहिले. हे मी अजून विसरलेले नाही.

म्हणून सांगते, खुर्ची ही चाकं लावलेली बैठक आहे. आधी बैठक जमायला हवी, चाकं त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साध्या, हाताने चालवायच्या चाकाच्या खुर्च्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात खुर्ची मिळण्याचे आठ टप्पे सांगितलेत: गरजू माणूस सेवेपर्यंत पोचणं, तपासणी, कशी खुर्ची हवी ते लिहून देणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, अंगावर बसवून बघणं, वापरायला शिकवणं आणि पुढची देखभाल-दुरुस्ती. या आठांत पैशांचा टप्पा एकच, चौथा. दानशूर मंडळी सहसा एवढाच टप्पा उचलतात, तेही मनापासून, आणि खुर्ची दिली की काम झालं असं त्यांना वाटतं. उरलेले सात टप्पे कोणी केले का, हे आईबापांनी विचारायचं असतं. ते विचारायचं असतं हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

माप घरीच घेऊन ठेवता येतं. शिवणकामाची टेप घ्या. मुलीला एका सपाट लाकडी पाटावर किंवा बाकावर बसवा, मागून एकाने धरा. कंबर जितकी मागे टेकेल तितकी टेकवा आणि पाठ सरळ ठेवा. बसल्यावर सगळ्यात रुंद भाग किती, ते मोजा. बैठकीची रुंदी त्याहून इंचभरच जास्त हवी. मग पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजा. बैठकीची खोली त्याहून दोन बोटं कमी हवी, नाहीतर कड पोटरीला रुतते आणि मूल पुढे घसरतं. तिसरं माप गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत, चपला-बूट घालत असेल तर त्यांसकट. यावरून पाय टेकायची फळी किती उंचीवर हवी ते ठरतं. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. चौथं माप बैठकीपासून कोपरापर्यंत, पाचवं काखेपर्यंत, सहावं खांद्यापर्यंत. मान धरता येत नसेल तर डोक्यापर्यंतचंही घ्या. ही मापं तारखेसह वहीत लिहा. तुमच्या मापांवर खुर्ची बनवून घ्या असं मी म्हणत नाही, ते काम तज्ज्ञांचं. पण हातात आकडे असले की समोरच्याला ‘लहान मुलांची आहे’ असं मोघम बोलून वेळ मारून नेता येत नाही. मूल वाढणार, म्हणून फळी खाली-वर होणारी आणि बैठकीची खोली वाढवता येणारी खुर्ची मागा. ‘पुढे होईल’ म्हणून आपण युनिफॉर्म मोठा शिवतो, तसं खुर्चीचं चालत नाही.

तपासणी कुठे करायची? जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र निदान आणि उपचारासाठी जिल्हा केंद्रं आहेत. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात, आणि फिजिओथेरपिस्ट असतात. मुंबईला येणं जमणार असेल तर हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची जुनी संस्था आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच सुरू झालेली १९७२ सालची स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाही, आता तिचं नाव अडॅप्ट आहे, मुंबईतच आहे. एक गफलत मात्र टाळा. ‘जयपूर फूट’च्या शिबिराची जाहिरात दिसली की शेजारीपाजारी सांगतात, तिकडे न्या. ती शिबिरं मुख्यतः पाय गमावलेल्यांसाठी आणि पायाला आधाराच्या पट्ट्या (कॅलिपर) लागणाऱ्यांसाठी असतात. फार मोठं काम आहे ते. पण तुमच्या लेकीचा प्रश्न बैठकीचा आहे.

आजींचं म्हणणं मी हलकं समजत नाही. त्यांना नात चालताना बघायचीय. ‘खुर्ची आली म्हणजे आपण हरलो’ असं त्यांच्या मनात असणार, आणि बहुतेक तुमच्याही. पण आज ती दिवसभर कुठे असते बघा: कडेवर, सतरंजीवर, भिंतीला टेकून. खुर्ची नाही म्हणून ती चालत नाहीये. खुर्ची वापरल्याने मुलांच्या हालचालींची वाढ खुंटते, असं कुठे आढळून आलेलं नाही. उलट नीट बसता आलं की मान, पाठ आणि हात यांना काम मिळतं. व्यायाम बंद करायचा नाही. उभं राहण्याची चौकट, पायातल्या पट्ट्या, फिजिओथेरपी, जे काही चालू असेल ते चालूच राहील. फक्त शाळेत जाणं, अंगणात मुलींचा खेळ बघणं, देवळापर्यंत जाणं, यासाठी तिने चालायला शिकेपर्यंत थांबायचं का? आठ वर्षं ती थांबलीच आहे. आणि हेही तुम्हाला सांगायला हवं, सांगताना मला जड जातं: अशा मुलांच्या बसण्या-उठण्या-चालण्याचा बराचसा पल्ला साधारण सहा-सात वर्षांपर्यंत गाठून होतो. त्यापुढे प्रगती होतच नाही असं नाही, पण किती होईल हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि आजींनाही त्या वेळी सोबत न्या. सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

आता तिच्या बाबांबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते ‘अहंकाराने’ नाही म्हणतात. मी पत्र पुन्हा वाचलं. ‘भिकारी नाही’च्या पुढे त्यांनी काय सांगितलं? पोरगी चार तास उन्हात बसली. मला यात अहंकार दिसत नाही. लेकीला जिथे तिष्ठत ठेवलं, मग तिचा फोटो छापला आणि शेवटी तिला न बसणारी खुर्ची दिली, त्या जागी पुन्हा जायला एका बापाचा पाय उचलत नाही. तुम्ही हे त्यांना असंच म्हणून बघा: ‘तुमचं मागच्या वेळचं म्हणणं बरोबर होतं.’ बोलणं तिथून पुढे सरकेल.

पण ‘घेतलं म्हणजे भीक’ हे मात्र मला त्यांच्याशी बोलायचंय. भाऊ, तुमच्या भागात सावड करत असतील, इरजिक माहीत असेल. एकाच्या रानात दहाजण येतात, काम उरकतात, उद्या त्यांच्यातल्या कोणाच्या रानात आपण जातो. त्यात कोणी भिकारी होत नाही. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला तुम्ही वर्गणी दिली असेल, कोणाच्या ऑपरेशनला कारखान्यात पैसे जमवले तेव्हा तुमचीही नोट त्यात असेल. देताना तुम्हाला समोरचा भिकारी वाटला नव्हता. मग घेताना आपण का व्हावं?

दुसरं म्हणजे, यातलं पुष्कळसं दान नाहीच, तो तुमच्या मुलीचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती साहाय्यक साधनं अठराव्या वर्षापर्यंत मोफत द्यायची, हे त्याच्या सतराव्या कलमात सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर घातलेलं कर्तव्य आहे. शाळेतून हे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या समावेशित शिक्षणातून होतं. तालुक्याला गटसाधन केंद्र असतं, तिथे विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी विशेष शिक्षक असतात. त्यांना भेटा. वर्षातून मोजमाप शिबिर होतं, त्यात दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीचे लोक मापं घेतात आणि नंतर साहित्याचं वाटप होतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची वेगळी खुर्चीही त्यांच्याकडे असते. मोजमापाच्या दिवशी मुलगी हजर असायलाच हवी, कागद पाठवून भागत नाही. याच शिक्षकांकडे प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींच्या प्रोत्साहन भत्त्याबद्दलही विचारा.

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना शाळेबाहेरही आहे. पालकांचं महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजारांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. एकदा साधन घेतलं की त्याच कामासाठी तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकच वर्षाची आहे, कारण मुलं वाढतात. गोठ्यातली खुर्ची याच योजनेतली असेल तरी तिला दोन वर्षं झालीत. त्यामुळे ‘तुम्हाला एकदा मिळालीय’ असं कोणी म्हणालं तर मागे फिरू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर आधी ते काढा, सगळीकडे तेच मागतात. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. शाळेच्या पायऱ्यांशी उतार हवा असेल तर हे ग्रामसभेत बोला.

मग मंडळाला नाही म्हणायचं का? मुळीच नाही. सरकारी वाटेला वेळ लागतो, आणि मोजमापापासून वाटपापर्यंतच्या महिन्यांत मूल पुन्हा वाढतं. मंडळाकडे पैसे आहेत आणि द्यायची इच्छा आहे. त्या इच्छेला वळण तुम्ही द्या. दोघांनी मिळून अध्यक्षांना भेटा, कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी. मापांचा कागद आणि फिजिओथेरपिस्टनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत न्या. त्यांना विचारा: खुर्ची या मापाची आहे का? अंगावर बसवून बघायला कोण येणार? सहा महिन्यांनी पट्टा तुटला किंवा ती वाढली तर कोणाला फोन करायचा? खुर्ची आधीच खरेदी झाली असेल आणि ती मोठी असेल, तर सरळ सांगा की ही आमच्या मुलीला होणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी होईल. त्याऐवजी तेवढीच रक्कम योग्य खुर्चीच्या दुकानदाराला थेट द्यावी, किंवा सरकारी खुर्ची येणार असेल तर फोमची बैठक, बाजूचे आधार, घरातला उतार, पुढच्या दोन वर्षांची दुरुस्ती, यासाठी द्यावी. ‘देतील ते घ्यावं, वर मागू नये’ असं आपल्याला शिकवलेलं असतं. माप सांगणं हे वर मागणं नाही. मी मंडळांच्या बैठकांना बसलेय. स्पष्ट सांगणारे आईबाप त्यांना हवेच असतात, कारण आपली खुर्ची अडगळीत पडावी असं कुठल्याच देणाऱ्याला वाटत नाही. त्यांना कोणी ते येऊन सांगत नाही, एवढंच.

फोटोचंही तिथेच बोला. ‘खुर्ची बाबा स्वीकारतील, मुलगी स्टेजवर येणार नाही’, एवढं एक वाक्य पुरतं. मदतीच्या बदल्यात लेकराचा चेहरा द्यायचा असतो, असा कुठे नियम नाही. त्यांना अहवालासाठी पुरावा लागतो, ते समजण्यासारखं आहे. त्यासाठी सहीची पावती आहे, खुर्चीचा फोटो आहे. आणि मुलीलाही विचारा. तिचं बोलणं घरच्यांना कळतं असं तुम्हीच लिहिलंय. कदाचित तिला स्टेजवर जायचं असेल, टाळ्या हव्या असतील! तसं असेल तर जाऊ दे, पण उन्हात बसवायचं नाही, तिचं नाव पुकारलं की पाच मिनिटांत मोकळं करायचं, आणि बातमीत ‘पांगळी’, ‘बिचारी’ असले शब्द येणार नाहीत हे आधी कबूल करून घ्यायचं.

खेड्यात खुर्ची चालवायची म्हणजे रस्ता बघून निवडायला हवी. पुढची चाकं अगदी लहान असतील तर खडीत आणि चिखलात रुततात, म्हणून पुढचं चाक जरा मोठं आणि रुंद मागा. मागच्या चाकाचा टायर-ट्यूब गावातल्या सायकलवाल्याकडे मिळणारा असावा. खुर्ची आल्या दिवशीच त्या सायकलवाल्याला नेऊन दाखवा, नट-बोल्ट कोणत्या पान्याने निघतात ते त्याला बघू द्या. पावसाळ्यात रात्री बाहेर ठेवू नका, बेअरिंग गंजतं. घराच्या उंबऱ्याला उतार करताना एक इंच उंचीला एक फूट लांबी हे प्रमाण ठेवा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्याहून उभा केलात तर तुमच्याच्याने ढकलवणार नाही आणि उतरताना खुर्ची अंगावर येईल. घरात जेवताना-खेळताना सगळे खाली बसत असतील तर तिला एकटीला उंच खुर्चीत ठेवू नका. गावच्या सुताराकडून जमिनीलगतची, भिंतीच्या कोपऱ्यासारखा दोन्ही बाजूंनी आधार देणारी बैठक करून घेता येते. मापाची चिठ्ठी फिजिओथेरपिस्टकडून घ्या. पंगतीत सगळ्यांच्या बरोबरीने बसायला मिळणं तिच्यासाठी फार मोठी गोष्ट असेल.

राहिली गोठ्यातली खुर्ची. पेंडीची पोती उतरवा, धुवा, चाकांना तेल द्या. अठरा इंची आहे ना? गावात कोणी पक्षाघाताने बसून असलेले आजोबा असतील, खुब्याचं हाड मोडलेली आजी असेल, त्यांच्या मापाची ती आहे. मुलीच्या बाबांनीच ती नेऊन द्यावी असं मला वाटतं. तुमच्या लेकीची नवी खुर्चीही तीन-चार वर्षांत तिला लहान होईल, तेव्हा तीही अशीच पुढच्या मुलाकडे जाऊ द्या, मापांच्या कागदासकट.

येत्या रविवारी ते घरी असतील तेव्हा टेप काढा. तुम्ही तिला मागून धरा, माप त्यांना घेऊ दे, वहीत आजी लिहू देत. आणि खुर्ची आली की मला एकच ओळ लिहून कळवा: तिचे दोन्ही तळवे फळीवर टेकतात का?

तुमची,
ताई